बिनशिवणीचा तंबू

या, असे जरा पुढे सरका. मागच्यांनो, तुम्हीसुद्धा या. गोष्ट ऐकायची तर अंगाला अंग लावून बसावं, म्हणजे हसू एकाचं सगळ्यांना लागतं. आज राजाची नाही, राक्षसाचीही नाही, एका कापड कापणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची आहे. तिला जगाने चार वेळा 'नाही' म्हणून सांगितलं, आणि चारही वेळा तिने "बरं, पुढच्या वर्षी येते" म्हणून पदर खोचला.

एक शिवणकारखाना होता. वीस-बावीस मशिनं, वर पत्र्याचं छप्पर, आणि दाराशी लागून एक लांबच लांब लाकडी टेबल. दवाखान्यांचे पांढरे कोट, शाळांचे गणवेश, हॉटेलवाल्यांचे एप्रन, सगळं तिथे शिवलं जाई. त्या टेबलावर मावशीचं राज्य. तशी ती पगारी कामगारच. पण तिची कात्री चालू असताना कुणी टेबलावर साधा चहाचा कप ठेवायला धजत नसे. वय पन्नाशीच्या एक पाऊल पुढे. अख्खा कारखाना तिला मावशीच म्हणे, कामावर देखरेख करणारा, तिच्याहून थोरला असलेला मास्तरसुद्धा.

आता तिच्या कामातली एक खुबी सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. त्या कारखान्यातले पुठ्ठ्याचे साचे जुने, नेमक्या मापाचे. दोन तुकडे जोडून शिवायचे तर कडेने थोडं जादा कापड सोडावं लागतं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. ती माया साच्यात धरलेली नव्हती. कापणारीने साचा कापडावर ठेवायचा आणि त्याच्या चारी बाजूंनी अर्धा इंच वाढवून खडूने रेघ मारायची. टेप न लावता, नुसत्या नजरेने. बत्तीस वर्षं मावशी ती रेघ मारत होती. देवाने कुणाच्या गळ्यात सूर ठेवला, कुणाच्या हाताला गुण दिला. मावशीच्या डोळ्यात त्याने अर्धा इंच घालून ठेवला होता.

मावशीची शाळा आठवीत सुटली होती. का सुटली, त्याचं रडगाणं तिने कधी कुणाला ऐकवलं नाही. "सुटली ती सुटली, बस चुकली म्हणून काय स्टँडवर घर बांधायचं?" असं म्हणायची. शेहेचाळिसाव्या वर्षी तिने बाहेरून शालान्त परीक्षेचा अर्ज भरला. भाषा सुटली, इतिहास सुटला, विज्ञानसुद्धा पहिल्या झटक्यात सुटलं. उरलं गणित, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पास व्हायला पस्तीस हवे. पहिल्या वर्षी पडले एकोणतीस, मग एकतीस, मग तेहेतीस, आणि यंदा बत्तीस.

"मावशी, तुझे मार्क तान्ह्या पोराच्या तापासारखे आहेत," काजं करणाऱ्या मशिनवरची बाई म्हणाली. तिला सगळे काजवाली म्हणत. "चढतात काय, उतरतात काय. एकदा डॉक्टरला तरी दाखव."

"तुझ्या जिभेला आधी एक बटण लावून घे," मावशी म्हणाली.

पण यंदाचा बत्तीस तिच्या जिव्हारी लागला होता. नियमच तसा होता: पाच वेळा बसता येईल. पाचव्यांदाही गणित राहिलं, तर सुटलेले विषयही बाद, आणि सगळी परीक्षा पहिल्यापासून. पाचव्या वेळेचा अर्ज वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या आत, परीक्षा मंडळाच्या खिडकीवर पोचायला हवा होता. आणि नोकरी करणाऱ्याने त्यावर कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाची सही आणायची, की परीक्षेच्या दिवशी रजा दिली आहे.

मावशीची सून एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. दिवसभर काचेच्या पट्टीवरचा ठिपका बघून आजार ओळखणारी पोरगी. तिला नुसत्या बत्तीसच्या आकड्यावर समाधान कुठलं? तिने मंडळाकडे अर्ज करून सासूच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. एका रविवारी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती उघडून बसल्या.

"आई, गंमत बघा," सून म्हणाली. "तुमची रीत बरोबर आहे. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर. आणि उत्तर दर वेळी थोडंसं मोठं. डब्याला कागद गुंडाळायचा, तिथे मोठं. पेटीला कापड लावायचं, तिथेही मोठं. हा तंबू बघा. शंकूच्या आकाराचा तंबू, त्रिज्या सात मीटर, तिरकी उंची दहा मीटर, कापड किती लागेल? दोनशे वीस येतं. तुम्ही दोनशे वीस काढलंय, आणि मग खाली दोनशे चोवीस लिहिलंय. हे चार कुठून आणले?"

मावशीने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "शिवणीचे."

"कसले?"

"अगं, तंबू शिवायचा ना? का थुंकी लावून चिकटवायचा? दोनशे वीसमध्ये शिवलास तर आत माणूस वाकून बसेल. माया नको?"

सुनेने आधी तोंडावर हात धरला. मग हात सुटला आणि ती अशी हसली, की बाहेर बूट पुसत असलेला मावशीचा मुलगा आत डोकावला. मावशीही हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. चार वर्षं ही बाई स्वतःला मठ्ठ समजत होती, आणि चूक निघाली ती तिच्या हुशारीची!

हसून झाल्यावर मात्र तिने उत्तरपत्रिका पुन्हा जवळ ओढली. म्हणाली, "म्हणजे पास व्हायचं तर बिनशिवणीचा तंबू काढायचा."

"परीक्षेपुरता."

"परीक्षेपुरता," मावशी म्हणाली. "ठीक आहे. त्यांना उडून जाणारा तंबू हवा असेल तर उडून जाणारा देऊ."

मुलगा बस चालवायचा. आईवर जीव होता त्याचा, पण जीव असलेलीच माणसं जास्त अडवतात. तो म्हणाला, "आई, आता पुरे झालं ना? एवढं करून ते सर्टिफिकेट दाखवणार कुणाला? बढती आहे का? नवी नोकरी शोधायचीय का?"

"नाही."

"मग कशाला?"

"मला पाहिजे म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"तू लहानपणी पतंग मागितलास तेव्हा मी विचारलं होतं का, कशाला म्हणून?" मावशी म्हणाली. "सगळ्या गोष्टींचा उपयोग विचारत बसला असता तर देवाने फुलं केलीच नसती. जा, उशीर होतोय तुला."

आणि लागली ती कामाला. आता अभ्यासाला वेळ कुठला? तर ऐका. कापडाचा तागा उलगडून टेबलावर थरावर थर लावले, की लगेच कात्री घालायची नसते. गुंडाळीत ताणलेलं असतं ते. थोडा वेळ तसंच पडू द्यायचं, म्हणजे ते आपलं आपण आखडतं आणि मग माप दगा देत नाही. त्याला कारखान्यात 'कापड निजलंय' म्हणत. तो अर्धा तास आजवर मावशी गप्पांना द्यायची. आता टेबलाच्या टोकाशी स्टूल ओढून ती गणितं घेऊन बसू लागली. डबे, पेट्या, तंबू, टाक्या. दर उत्तराखाली हात आपोआप शिवण वाढवायला जाई, आणि ती स्वतःच्याच मनगटावर चापट मारी. "नाही म्हटलं ना! माया नाही!"

चार दिवस, आठ दिवस. हात वळू लागला. उत्तरं नेमकी येऊ लागली.

आणि एका दुपारी, दवाखान्याच्या चाळीस कोटांचे पुढचे पल्ले आणि पाठी कापून ती बाह्यांचा साचा घ्यायला वळली, तेव्हा तिची नजर कापलेल्या कडेवर अडली. तिने वरचा तुकडा उचलला. टेप लावली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःच्या रेघेला टेप लावली. माया नव्हती. चाळीसच्या चाळीस, साच्याबरहुकूम नेमके.

लपवता आलं असतं? थोडा वेळ आलं असतं. पण मावशी टेबलावरून तो गठ्ठा उचलून सरळ मास्तरपुढे गेली. "अडतीस मापाचे कोट मी बिनमायेचे कापले."

मास्तर माणूस वाईट नव्हता. आवाज तेवढा मोठा, मशिनांच्या गोंगाटात आयुष्य गेलं की होतो. त्याने डोक्याला हात लावला. "मावशी! तुम्ही?"

"मीच. पण वाया काही जात नाही. दोन बाजूंच्या शिवणी, एका शिवणीत दोन कडा, कडेला अर्धा इंच. म्हणजे घेरात दोन इंच गेले. अडतीसचे छत्तीस झाले. छत्तीसचे कोट पुढच्या आठवड्यात आहेतच. बाह्या, गळा छत्तीसच्या साच्याने कापते आणि अडतीससाठी नवं कापड लावते."

खरंच काही वाया गेलं नाही. पण मास्तरच्या मनात जी अढी बसली ती बसली. सही मागायला गेली तेव्हा त्याने अर्ज न वाचताच परत दिला. "एका डोक्यात दोन मापं राहत नाहीत, मावशी. ज्या दिवशी तुम्ही तिथे पास व्हाल, त्या दिवशी माझं टेबल नापास होईल. परीक्षाही नेमकी गणवेशांच्या घाईत. मला नाही जमायचं."

"आज नाही म्हणता?"

"आज नाही, उद्याही नाही."

"मी परवा विचारेन," मावशी म्हणाली आणि टेबलाकडे गेली.

परवा विचारलं. तेरवा विचारलं. उत्तर एकच. मावशीने मात्र गणितं सोडली नाहीत. एक युक्ती तेवढी केली. गणित पेन्सिलीने, कापड खडूने. स्टुलावर बसली की खडू खिशात, टेबलापाशी उभी राहिली की पेन्सिल कानामागे. हातात काय आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे वागायचं.

असा वर्षाचा शेवटचा दिवस उगवला.

त्या दिवशी कारखान्याची एक रीत होती. जेवणाच्या सुटीनंतर मशिनं बंद. रोजचं टार्गेट लिहायचा मोठा काळा फळा पुसायचा. मग ज्याने त्याने पुढच्या वर्षी काय करणार ते त्याच्यावर लिहायचं, आणि मास्तरने ते वहीत उतरवून ठेवायचं. पण त्याआधी गेल्या वर्षीची वही मोठ्याने वाचायची. खरी करमणूक ती.

मास्तरने वही उघडली. "काजवाली: चहा दोन कपांवर आणणार."

"आणला की!" काजवाली ओरडली. "कप मोठे घेतले!"

"मास्तर, म्हणजे मी: कुणावर आवाज चढवणार नाही." सगळे खदखदले. "हसू नका!" मास्तर गरजला, आणि मग तर पत्रे उडायची वेळ आली.

हसणं ओसरलं तेव्हा त्याने पुढची ओळ वाचली. "मावशी: गणितात पास होणार." तो थांबला. "चौथ्यांदा."

मघासारखं मोकळं हसू नव्हतं ते. कुणी खाली बघून हसलं, कुणी शेजारणीला कोपराने ढोसलं. मास्तर जवळ आला आणि खरोखरच कळवळून म्हणाला, "मावशी, या वर्षी झेपेल असं काहीतरी लिहा ना. विणकाम शिकणार लिहा. तुमचं हसं झालेलं मला बघवत नाही."

"हसतील त्यांचे दात दिसतील, मास्तर. माझं काय दिसतंय?" मावशीने खिशातून खडू काढला आणि फळ्यावर मधोमध, टार्गेटच्या जागी, लिहिलं: *गणितात पास होणार.*

"निदान 'प्रयत्न करणार' असं तरी लिहा."

"प्रयत्न चार वर्षं केला. त्याला कुणी मार्क देत नाही." आणि खाली बारीक अक्षरात तिने आणखी लिहिलं: *रोज तीन गणितं, कापड निजल्यावर. काल चुकलेलं आज आधी. एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी तीनच, सहा नाहीत.*

"सहा का नाहीत गं?" काजवालीने विचारलं. तिच्या आवाजातली थट्टा जरा पातळ झाली होती.

"गेली चार वर्षं तेच केलं म्हणून. आज बुडाले की उद्या सहा, उद्या जमले नाहीत की परवा नऊ. मग वहीकडे बघायचीच भीती वाटायची. बुडालं ते बुडालं. देवसुद्धा कालची आरती आज मागत नाही."

मास्तरने मान हलवली. "बोलायला छान आहे. पण कोट कापलेत ना तुम्ही चाळीस? हं, तो तुमचा तंबू काढून दाखवा इथे. सात आणि दहा. सगळ्यांसमोर."

मावशी फळ्याकडे वळली. बावीस छेद सात लिहिलं, गुणिले सात, गुणिले दहा. दोनशे वीस. आणि हातात खडू होता हो! बत्तीस वर्षांचा खडू. तो थांबतोय थोडाच? खाली सरकला आणि लिहून मोकळा झाला: दोनशे चोवीस.

कारखाना पुन्हा हसला. मास्तर हसला नाही. त्याने नुसते हात पसरले, की बघा, मी म्हणत नव्हतो?

मावशीचे कान लाल झाले. क्षणभर तिचा तळहात फळा पुसायला उठला. पण पुसलं नाही तिने. उलट त्या आकड्याभोवती तिने एक मोठा गोल काढला.

"हे पुसायचं नाही कुणी," ती म्हणाली. "हा माझा तंबू. हा उभा राहील, वारा खाईल, आत माणसं बसतील. ज्याला हसायचं असेल त्याने दोनशे वीसमध्ये शिवून दाखवावा!" मग तिने कानामागची पेन्सिल काढली आणि अर्जाच्या पाठीवर, फळ्याला टेकवून, तोच तंबू पायरी पायरीने सोडवला. दिलेलं काय, काढायचं काय, सूत्र कोणतं, उत्तर किती. दोनशे वीस, खाली दोन रेघा. कागद मास्तरपुढे धरला. "आणि हा त्यांचा. दोन्ही येतात मला. तुम्हाला येतो का एक तरी?"

आता हसलं नाही कुणी.

"त्या कोटांना बारा दिवस झाले," मावशी म्हणाली. "बाराही दिवस मी तुमच्यादेखत गणितं केली आणि बाराही दिवस कापलं. एक तुकडा आखूड गेला? टेप आहे, ढीग तिथे आहे. मोजा."

मास्तर मोजायला गेला नाही. काजवाली म्हणाली, "मावशी चुकली एकदा. तुम्ही या बारा दिवसांत किती वेळा ओरडलात, तेही मोजायचं का?"

"तू मध्ये पडू नकोस!" मास्तर ओरडला, आणि स्वतःच ओशाळला. "बरं, आणि परीक्षेच्या दिवशी टेबलाचं काय?"

"आदल्या दिवशी दोन दिवसांचं कापून ठेवीन. तरी सही करायची नसेल तर तसं लिहून द्या, 'मावशीला रजा दिली नाही' म्हणून. खाली तुमचं नाव घाला. तो कागद अर्जाला जोडून देते आणि खिडकीशीच बसून राहते. वर्ष संपेपर्यंत मला दुसरं काम नाहीये."

मास्तरने कागदाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग खिशातून पेन काढलं. "लिहून देण्यापेक्षा सही सोपी," तो पुटपुटला. सही करता करता थांबला. "दोनशे चोवीसच खरे आहेत हो तसे."

"ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. चालत गेलं तर पाऊण तास, बसने गेलं तर देवाची मर्जी. मावशी अर्धी चालली, अर्धी धावली. पन्नाशीची बाई, एक हात छातीशी धरलेल्या अर्जावर, तोंडाने देवाचं नाव, आणि मध्ये येणाऱ्याला त्याच तोंडाने "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" खिडकीशी पोचली तेव्हा आतला कारकून शटरला हात घालत होता.

"वेळ झाली, बाई."

"चारला पाच कमी आहेत. तुमच्याच डोक्यावरचं घड्याळ सांगतंय."

त्याने घड्याळाकडे बघितलं, सुस्कारा टाकला, अर्ज घेतला. चाळला. चष्म्यावरून बघितलं. "पाचवी वेळ?"

"पाचवी."

"यंदा राहिलं तर सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मग सगळे देईन," मावशी म्हणाली. "भाषेत तसेही मला मार्क जरा कमीच दिलेत तुमच्या लोकांनी."

कारकून हसला नाही. त्याने अर्ज उलटा केला, पाठीवर पेन्सिलीने सोडवलेला तंबू बघितला. शिक्का उचलला आणि मारला. पोचपावती फाडून खिडकीतून पुढे सरकवली.

मावशीने ती घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली आणि तिथल्याच पायरीवर बसून आधी श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी नवं वर्ष लागलं. सकाळी टेबलावर गणवेशांचं निळं कापड आलं, मावशीने थर लावले, आणि कापड निजल्यावर स्टूल पुढे ओढलं.

परीक्षा अजून व्हायची आहे. गणिताचा पेपर सकाळचा असतो, माणसं देवापुढे हात जोडून उभी असतात त्या वेळी. तुम्हीही असाल. घरच्यांचं मागून झालं, स्वतःचं मागून झालं, की हात सोडण्याआधी एक क्षण थांबा. मावशीला पास कर, असं मागू नका. तिला ते आवडायचं नाही, तेवढं तिचं ती बघून घेईल. नुसती आठवण काढा तिची.